दुखायचं थांबलं, तरी दाढ अजून उघडीच आहे

प्रश्न: डॉक्टर, माझ्या खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनाल चालू आहे. पहिल्या सिटिंगनंतर ठणका पूर्ण थांबला. निघताना डॉक्टरांनी एक कागद दिला. त्यावर लिहिलंय: ‘३६, आरसीटी. डब्ल्यूएल: एमबी २०, एमएल २०, डी २१. सोडियम हायपोक्लोराइट, ईडीटीए. कॅल्शियम हायड्रॉक्साइड, कॅव्हिट. पुढे जीपी, सीलर, कोअर, क्राउन.’ यातलं मला ‘कॅल्शियम’ तेवढं कळलं. मुलाने शोधून सांगितलं की हायपोक्लोराइट म्हणजे ब्लीच आणि जीपी म्हणजे रबर. ब्लीच आणि रबर दातात का घालतात? एक मैत्रीण म्हणते, आता बायोसिरॅमिक आलंय, तेच भरून घे. दुसरी म्हणते, कॅल्शियम भरलंय, दुखत नाही, मग परत कशाला जातेस? त्यातच नणंदेच्या दाढेत फाइल तुटून राहिली, त्याची धास्ती वेगळीच. काय करू?

उत्तर: ताई, बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं आधी ऐका: पुढच्या सिटिंगला ठरलेल्या दिवशी जाच. ‘दुखत नाही तर कशाला’ म्हणून मध्येच थांबलेली माणसं काही महिन्यांनी गाल सुजून येतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. त्यातल्या कित्येकांची दाढ थांबले तेव्हा वाचण्यासारखी असते, परत येतात तेव्हा नसते.

तुमची दाढ दुखायची थांबली, कारण दुखणारी नसच डॉक्टरांनी काढली. आपण जिला नस म्हणतो तो दाताच्या पोकळीतला मऊ गर असतो, त्याला पल्प म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात. कीड तिथवर पोचली की गर सुजतो, पण चारही बाजूंनी कठीण दात असल्यामुळे सुजायला जागा नसते. त्या कोंडलेल्या दाबाचा ठणका तुम्ही भोगलात. दाब मोकळा झाला, ठणका गेला. आता दाढ आतून रिकामी आहे आणि तिथे रक्त पोचत नाही. रक्त नाही म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी नाहीत, आणि तुम्ही घेतलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांचा अंशही तिथे जात नाही. म्हणून गोळ्यांनी हे काम पुरं होत नाही. आतली जागा हातानेच साफ करायची असते आणि हातानेच बंद करायची असते. तुमच्या कागदावरचा प्रत्येक शब्द या दोन कामांपैकी एकाचा आहे.

‘३६’ हा दाताचा पत्ता. पहिला आकडा जबड्याचा भाग सांगतो: वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. उजवं-डावं तुमचं धरायचं, समोर उभ्या असलेल्या डॉक्टरांचं नाही. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून मागे मोजायचा. सहावा दात म्हणजे पहिली मोठी दाढ. एक्स-रेच्या पाकिटावर, कागदावर आणि बिलावर हाच आकडा आहे ना, हे एकदा बघून घ्या.

‘डब्ल्यूएल’ म्हणजे वर्किंग लेंथ. दाढेच्या वरच्या टोकापासून मुळाच्या शेंड्याच्या किंचित अलीकडेपर्यंत मुळातली पोकळ नळी, म्हणजे कॅनाल, किती मिलिमीटर आहे, त्याचं हे माप. एमबी आणि एमएल या पुढच्या मुळातल्या दोन नळ्या, एक गालाकडची, एक जिभेकडची. डी ही मागच्या मुळातली. ओठाला एक छोटा हूक अडकवून डॉक्टरांनी एका यंत्रावर ‘टीं-टीं’ वाजवलं असेल, तो अपेक्स लोकेटर. नळी खरवडणाऱ्या बारीक सुईसारख्या अवजाराचं, म्हणजे फाइलचं, टोक शेंड्याजवळ गेलं की विजेचा रोध बदलतो आणि यंत्राला ते कळतं. मग फाइलवरचा छोटा रबरी स्टॉपर त्या मापावर सरकवतात, म्हणजे फाइल त्यापुढे जात नाही. नळी साफ करायची आणि भरायची ती या मापापर्यंत. फार अलीकडे थांबलं तर घाण राहते, पलीकडे गेलं तर हाडाला इजा होते. तुमच्या डॉक्टरांनी तिन्ही मापं लिहून दिली, याचं मला समाधान वाटलं. काळजीने काम करणारा माणूस असं लिहून ठेवतो. त्यांना एक जरूर विचारा: ‘मागच्या मुळात चौथी नळी आहे का, बघितलंत का?’ या दाढेत ती बऱ्याचदा सापडते, आणि राहून गेलेली नळी हे रूट कॅनाल फसण्याचं मोठं कारण आहे.

आता ब्लीच. मुलाने सांगितलं ते बरोबर आहे, सोडियम हायपोक्लोराइट हे घरगुती ब्लीचमधलंच रसायन. त्याची गरज कशाला, हे समजायला १९६५ सालचा एक प्रयोग उपयोगी पडतो. काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड या तिघांनी उंदरांच्या दाढांना मुद्दाम भोकं पाडून आतला पल्प उघडा ठेवला. त्यातले काही उंदीर नेहमीचे होते, काही जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले. नेहमीच्या उंदरांचा पल्प सडला, मुळाशी गळू झाले. निर्जंतुक उंदरांच्या उघड्या दाढेत अन्न अडकत होतं, तरी पल्प जिवंत राहिला आणि भोकावर नवं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला कठीण थर, तयार होऊ लागलं. दात बिघडतो तो जंतूंमुळे, हे त्या प्रयोगाने पक्कं झालं. रूट कॅनालची सारी खटपट त्यांच्याचविरुद्ध आहे.

जंतू काढायला पहिलं हत्यार फाइल. या फाइलींच्या मुठी रंगीत असतात आणि रंगावरून जाडी कळते: पांढरी १५, पिवळी २०, लाल २५, निळी ३०, हिरवी ३५, काळी ४०. आकडा टोकाची जाडी सांगतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. लाल फाइलचं टोक ०.२५ मिमी. पूर्वी त्या फक्त स्टीलच्या असत आणि वाकड्या मुळात अडत. निकेल-टायटॅनियम या लवचीक मिश्रधातूच्या फाइली १९८८ मध्ये पहिल्यांदा मांडल्या गेल्या, पुढे त्या मशीनवर फिरू लागल्या आणि वाकडी मुळं साफ करणं पुष्कळ सोपं झालं. तरीही नळी काही गोल, गुळगुळीत पाइप नसते. ती चपटी असते, मध्येच फुटते, बाजूला बारीक फाटे काढते. मायक्रो-सीटीने, म्हणजे अतिसूक्ष्म सीटी स्कॅनने, पाहिल्यावर कळलं की फाइल फिरवून झाल्यावरही भिंतीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग अनेकदा तसाच राहतो, फाइल तिथे लागतच नाही. तिथे फक्त पातळ द्रव पोचतो.

म्हणून हायपोक्लोराइट. ते जंतू मारतं, पण जंतू मारणारी औषधं इतरही आहेत. याचा खरा गुण असा की सडलेल्या पल्पचे राहिलेले धागे ते विरघळवतं. हे काम इतकं चांगलं करणारं दुसरं द्रावण आज वापरात नाही. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा ०.५ टक्के हायपोक्लोराइटने धूत, त्याला डेकिन सोल्यूशन म्हणत. दातात ०.५ पासून ६ टक्क्यांपर्यंतची ताकद वापरतात. तुमची भीती मात्र अगदीच अनाठायी नाही. हे द्रावण मुळाच्या शेंड्यापलीकडे जोरात गेलं तर एकदम तीव्र वेदना आणि सूज येते. म्हणून बाजूला छिद्र असलेली सुई वापरतात, ती शेंड्याच्या अलीकडे ठेवतात आणि पिचकारी हळूहळू दाबतात. तोंडात आणि घशात ते जाऊ नये म्हणून रबर डॅम लावतात: एक पातळ ताणलेली रबरी चादर, तिच्या भोकातून फक्त ती दाढ वर येते. हा डॅम १८६४ पासून आहे. तो लाळेतले जंतूही बाहेर ठेवतो आणि निसटलेली फाइल घशात जाऊ देत नाही. पहिल्या सिटिंगला तो लावला नसेल तर पुढच्या वेळी आग्रहाने मागा. अख्ख्या उत्तरातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर मी ही सांगेन. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, लॅटेक्स नसलेले डॅमही मिळतात.

ईडीटीएचं काम छोटं पण नेमकं आहे. फाइल फिरली की डेंटिनचा भुगा ओला होऊन भिंतीला लिंपला जातो. त्याला स्मिअर लेयर म्हणतात. १७ टक्के ईडीटीए त्यातला खनिज भाग काढतं, डेंटिनमधल्या सूक्ष्म नलिकांची तोंडं उघडतात आणि मग औषध आणि फटी बुजवणारा सीलर आत शिरतो.

कॅल्शियमबद्दलचा मैत्रिणीचा समज दूर करायला हवा. कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे दात मजबूत करणारं टॉनिक नाही. ती पांढरी पेस्ट अतिशय अल्कधर्मी असते, तिचा पीएच साधारण १२.५. एवढ्या अल्कात बहुतेक जंतू जगत नाहीत. दोन सिटिंगच्या मधल्या काळात उरलेले जंतू वाढू नयेत म्हणून ती ठेवतात, आणि काम करायला तिला साधारण आठवडाभर द्यावा लागतो. उलट ती महिनोन्‌महिने आत राहिली तर मुळाचं डेंटिन ठिसूळ होऊ शकतं. म्हणजे ‘भरलंय ते पुरे’ म्हणून ठेवलंत तर ज्याच्यावर भरवसा ठेवलात तेच दाढेला कमकुवत करेल. पल्प जिवंत असताना काम केलं तर पुष्कळदा एकाच सिटिंगमध्ये सगळं उरकतं आणि ही पेस्ट लागतही नाही. तुमच्याकडे लागली, याचा अर्थ जंतुसंसर्ग आतवर गेला असावा.

कॅव्हिट म्हणजे वरचं तात्पुरतं झाकण. ते लाळेच्या ओलाव्याने घट्ट होतं आणि किंचित फुगून कडा बंद करतं. निदान साडेतीन मिलिमीटर जाडीचं असेल तर ते काही दिवस नीट टिकतं. पण ते मऊ आहे, चावून झिजतं, आणि आठवडे लोटले की कडेने लाळ झिरपू लागते. त्या बाजूने चावू नका. वरचा थर थोडा झिजला तर घाबरू नका, पण खड्डा पडला किंवा सगळं निघालं तर त्याच दिवशी फोन करा. ‘पुढच्या आठवड्यात जायचंच आहे’ म्हणून थांबू नका. तेवढ्या दिवसांत लाळ आत गेली तर झालेली सफाई वाया जाते.

आता ‘रबर’. पुढच्या सिटिंगला संधी मिळाली तर गट्टा पर्चाची, म्हणजे कागदावरच्या ‘जीपी’ची, एक कांडी डॉक्टरांकडून हातात मागून घ्या. गुलाबी, सुईसारखी निमुळती, बोटाने वाकवली की वाकलेलीच राहते. गट्टा पर्चा हा पलाक्वियम नावाच्या झाडाचा चीक, मूळ मलाय द्वीपकल्पाकडचा. रसायन म्हणून तो रबराचा सख्खा भाऊ आहे, फक्त रेणूंची मांडणी वेगळी. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या टेलिग्राफ तारांना याचंच वेष्टण असे, कारण खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहूनही तो कुजत नाही. दाताच्या नळीत तो १८६७ मध्ये बोमन या दंतवैद्याने वापरला. आजच्या कांडीत खरा गट्टा पर्चा साधारण पाचवा हिस्साच असतो. बाकी बहुतेक झिंक ऑक्साइड, आणि एक्स-रेवर पांढरं दिसावं म्हणून बेरियमसारख्या धातूंचे क्षार. दीडशेहून अधिक वर्षं तो टिकून आहे, त्यामागे साधी कारणं आहेत: शरीराला तो बहुधा खुपत नाही, विरघळत नाही, आणि गरज पडली तर पुन्हा काढता येतो. मधल्या काळात चांदीच्या काड्या भरून पाहिल्या गेल्या, त्या आत गंजल्या आणि मागे पडल्या.

डॉक्टर आधी एक मुख्य कांडी नळीत घालून हलकेच ओढून बघतील. ती शेवटच्या टप्प्यात किंचित अडकली पाहिजे, सहज सुटता कामा नये. तशीच ठेवून एक्स-रे काढतील. तो एक्स-रे बघायला मागा, पांढरी रेघ शेंड्याच्या किंचित अलीकडे थांबलेली दिसली पाहिजे. मग सीलर लावून नळी भरतील आणि वर उरलेल्या कांड्या तापवलेल्या अवजाराने कापतील. तेव्हा थोडा धूर आणि जळका वास येतो, दचकू नका.

सीलर मात्र लोकांच्या लक्षातच येत नाही. कांडी नळीत कितीही नेटकी बसली तरी भिंतीशी बारीक फट राहते. भिंतीत विटांच्या सांध्यातला माल जे करतो ते इथे सीलर करतो, आणि तिथल्यासारखाच तो पातळ असेल तितका चांगला. काही सीलर झिंक ऑक्साइड-युजेनॉलचे, म्हणून त्यांना लवंगेचा वास. काही इपॉक्सी रेझिनचे, ते फार भरवशाचे ठरलेत. आणि काही बायोसिरॅमिक, म्हणजे कॅल्शियम सिलिकेटचे, जे नळीतल्या ओलाव्यावरच घट्ट होतात.

मैत्रीण सांगते ते बायोसिरॅमिक चांगलंच आहे. या घराण्याची सुरुवात एमटीए, म्हणजे मिनरल ट्रायऑक्साइड ॲग्रिगेट, या पदार्थापासून झाली. टोराबिनेजाद आणि सहकाऱ्यांनी ते १९९३ मध्ये मांडलं, आणि त्याचा पाया चक्क बांधकामातलं पोर्टलँड सिमेंट आहे. मुळाला चुकून भोक पडलं असेल, लहान मुलाच्या दाताचं मूळ अजून उघडं असेल, किंवा शस्त्रक्रिया करून मुळाचा शेंडा बंद करायचा असेल, तिथे या पदार्थाने क्रांती केली. पूर्वी असे दात वाचवणं जास्त अवघड असे. पण सरळसाध्या तीन नळ्यांच्या दाढेत इपॉक्सीचा सीलर की बायोसिरॅमिकचा, यावरून दाढेचं नशीब ठरत नाही. बायोसिरॅमिकची एक अडचणही आहे: घट्ट झाल्यावर पुन्हा काढणं अवघड जातं. तुमच्या डॉक्टरांचा हात ज्या सीलरवर बसलाय तोच त्यांना वापरू द्या. एका बाबतीत मात्र स्पष्ट बोला. फॉर्माल्डिहाइड किंवा पॅराफॉर्माल्डिहाइड असलेली पेस्ट कुणी नळीत भरणार असेल तर नाही म्हणा. ती शेंड्याबाहेर गेली तर हाड आणि जबड्यातला मज्जातंतू कायमचे दुखावू शकतात, आणि चांगले पर्याय असताना तो धोका पत्करायचं काहीच कारण नाही.

यानंतर जे येतं ते लोक सगळ्यात जास्त टाळतात: कोअर आणि क्राउन. नळ्या भरल्या, दुखत नाही, मग कॅप बघू पुढच्या वर्षी. १९९५ मध्ये रे आणि ट्रोप यांनी रूट कॅनाल झालेल्या १,०१० दातांचे एक्स-रे तपासले. नळीही चांगली भरलेली आणि वरचं भरणंही चांगलं, अशा दातांपैकी ९१ टक्क्यांच्या मुळाशी काही दोष नव्हता. नळी चांगली भरलेली पण वरचं भरणं वाईट, तिथे हा आकडा ४४ वर आला. दोन्ही वाईट, तिथे १८. नंतरच्या अभ्यासांनी नळीचं भरणं आणि वरचं भरणं या दोन्हींना सारखंच वजन दिलं, पण वरून गळणारा दात आतूनही बिघडतो हे कुणी खोडलेलं नाही. शिवाय तुमच्या दाढेचा बराच भाग किडीने आणि छिद्र पाडताना गेलाय. मोठी दाढ रोज चावण्याचा भार घेते, भिंती पातळ असतील तर एक दिवस उभी चिरते, आणि मुळापर्यंत गेलेली चीर सांधता येत नाही. कोअर म्हणजे आतली पोकळी भरून काढणारं पक्कं भरण, क्राउन म्हणजे वरची कॅप. काही आठवड्यांतच ती बसवून घ्या. पोस्ट, म्हणजे मुळात रोवायची काडी, दात मजबूत करत नाही; वरचं भरण धरून ठेवायला दुसरा आधार नसेल तेव्हाच ती लागते. तुमच्या कागदावर ती नाही, आणि खालच्या दाढेला बहुतेकदा नकोच असते. कुणी नंतर सुचवलीच तर कारण विचारा.

नळ्या भरल्यावर दोन-तीन दिवस चावताना दुखेल. नस काढली तरी मुळाभोवतीचा पडदा जिवंत असतो, त्याला ते जाणवतं, आणि साध्या वेदनाशामक गोळीने ते भागतं. दुखणं दिवसागणिक वाढत गेलं, सूज किंवा ताप आला, तोंड उघडेना, तर वाट बघू नका. शेवटचा एक्स-रे मागून घेऊन जपून ठेवा. वर्षभराने पुन्हा काढायचा असतो आणि ताडून बघायला तो लागतो. मुळाशी हाड झिजलं असेल तर ते भरायला महिने जातात, कधी वर्षंही.

राहिली नणंदेची फाइल. निकेल-टायटॅनियमची फाइल वाकड्या नळीत फिरता फिरता थकते आणि बाहेरून काही न दिसता तुटते. निष्णात हातातही हे घडतं. धातूचा तो तुकडा स्वतः काही अपाय करत नाही. प्रश्न असतो तो तुकड्याच्या पलीकडची नळी तोवर किती साफ झाली होती, हा. सफाई बरीच पुढे गेल्यावर तुटली असेल तर तुकडा आत ठेवून नळी भरली तरी दाढ चांगली राहू शकते. सुरुवातीलाच तुटली आणि मुळाशी आधीच संसर्ग असेल तर तुकडा काढायचा किंवा त्याच्या बाजूने वाट काढायची, आणि हे काम सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्या रूट कॅनाल तज्ज्ञाकडे, म्हणजे एंडोडॉन्टिस्टकडे, जास्त चांगलं होतं. नणंदेला सांगा: कोणत्या नळीत, कितपत खोल, आणि कोणत्या टप्प्यावर तुटली, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. हे नणंदेला कळायलाच हवं, तो त्यांचा हक्क आहे. दुखत नसेल तर वर्षाने एक्स-रे काढून मुळाभोवती काळी छटा आली का ते बघायचं. आली नसेल तर दाढेला हात लावू नये.